ध्वनिभिंत आणि मराठी वर्णमाला : एक चिकित्सा

प्रारंभिक वाचन-लेखनाच्या अध्यापनात अलीकडे ‘ध्वनिभिंत’ या साधनाचा पुरस्कार केला जातो. शब्द आद्याक्षराऐवजी ध्वनीनुसार लावावेत, प्रत्येक ध्वनीजवळ ओठ-जिभेच्या स्थितीचे चित्र असावे आणि तो ध्वनी लिहिण्याच्या विविध तऱ्हा खाली मांडाव्यात, अशी ही योजना. २६ अक्षरांत सुमारे ४४ ध्वनी सामावणाऱ्या इंग्रजीला तिची निकड आहे. मराठी वर्गात ती जशीच्या तशी आणावी काय, हा प्रश्न वेगळा.

मराठी वर्णमाला मुळातच ध्वनिभिंत आहे. कंठापासून ओठांपर्यंत येणारे पाच वर्ग, प्रत्येकात अघोष, घोष, अल्पप्राण, महाप्राण व अनुनासिक असा क्रम. मात्र शाळेत ती केवळ घोकली जाते; ‘प’ आणि ‘ब’ उच्चारताना गळ्याला हात लावून पाहा, असे मुलांना सहसा सांगितले जात नाही.

तथापि वर्णमाला सर्वत्र पुरत नाही. ‘चार’ व ‘चाक’ यांतील च भिन्न आहेत, परंतु अक्षर एकच. (२००९ च्या शासननिर्णयाने ॲ व ऑ यांना वर्णमालेत स्थान मिळाले, ‘चाक’मधील च मात्र उपराच राहिला.) ‘श’ आणि ‘ष’ यांचे बहुतेकांच्या तोंडी ऐक्य झाले आहे. ‘मालवण’मधील ल पूर्ण लिहावा लागतो, उच्चारात तो अर्धा असतो. मराठी ध्वनिभिंतीचे खरे कार्यक्षेत्र हे आहे. ‘क’खाली कमळ चिकटवणे नव्हे.

याहून कठीण प्रश्न घरच्या बोलीचा. तोंडवलीसारख्या मालवण किनाऱ्यावरील गावात मूल घरी ‘आंबो’, ‘घोडो’ म्हणते. चित्र केवळ आद्य ‘आ’साठी वापरले तर अडचण नाही. पण शब्दातील ध्वनी सुटे करण्यास सांगताच ते मूल शेवटी ‘ओ’ सांगेल आणि ते अचूक असेल. शिक्षकाने त्यावर फुली मारली, तर स्वतःच्या कानावर विश्वास ठेवू नये, एवढेच ते शिकेल. ध्वनी ओळखण्यासाठी आणलेल्या साधनाने नेमके उलटे साधले जाईल. पहिलीच्या श्रुतलेखनातील ‘आंबो’ हा माझ्या मते योग्य श्रवणाचा पुरावा मानावा आणि त्याशेजारी प्रमाण रूप म्हणून ‘आंबा’ लिहून द्यावे. दोन्ही रूपे एकाच चित्राखाली लावण्यास एक जादा कागदी पट्टी पुरते.