रामनामाला सुरांचा आधार

परदेशातल्या आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी नाशिकहून लिहायचे म्हटल्यावर पहिले नाव आठवते ते पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि दरबार-बैठकींत अडकलेले गाणे सामान्य घरांतल्या मुलामुलींना खुले केले. पुढे मुंबईत विद्यालयाची मोठी वास्तू उभी राहिली आणि कर्जापायी हातची गेली. त्या काळात हा थोर गवई नाशिकला आला, पंचवटीत त्याने रामनाम आधार आश्रम स्थापला आणि तुलसीरामायण गाऊन सांगू लागला. १९३० च्या दांडीयात्रेत गायल्या गेलेल्या रामधुनीच्या चालीचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

गाण्यातली एखादी जागा ऐकून अंगावर काटा येतो, डोळे भरतात. ही भक्ती की नुसता सुरांचा परिणाम? नाशिकच्या या परंपरेत हा भेद फार वेळ टिकत नाही. धून एकाने सांगायची, सर्वांनी उचलायची. शब्द तेच, चाल सोपी. लय हळूहळू चढते, सगळे एकाच ठिकाणी श्वास घेऊ लागतात आणि काही वेळाने आपला आवाज कुठला, हे आपल्यालाच ओळखू येत नाही. ‘मी’चे असे विरघळणे, हेच तर संतांनी भक्तीचे फळ मानले. श्रद्धा घेऊन आलेला तिथे पोचतो आणि केवळ गाण्याच्या ओढीने आलेलाही. पाश्चात्य संगीतातही हेच दिसते: जर्मन संगीतकार बाख आपल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी ‘केवळ ईश्वराच्या गौरवासाठी’ अशा अर्थाची आद्याक्षरे लिहीत असे. त्याचे संगीत ऐकताना चर्चची पायरी न चढणारेही हेलावतात.

पण ही अनुभूती आयती मिळत नाही; त्यामागे सुराची साधना लागते. विष्णु दिगंबरांचे पुत्र दत्तात्रेय, म्हणजे आपले बापूराव, १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले. वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. वडिलांच्या शिष्यांकडून त्यांनी विद्या मिळवली. १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. पण त्यांची मीरा-तुलसीची भजने आजही ऐकावीत. शब्द स्वच्छ, तान बेताची, सूर नेमका. भाव ओतलेला वाटतच नाही. सुराच्या सच्चेपणातून तो आपोआप उमटतो.

म्हणूनच परदेशात हे गाणे जपणाऱ्यांचे मोल मला फार वाटते. तिथे मुले पडद्यावरच्या गुरूकडून पलटे घोटतात, तानपुरा मोबाइलवर लावतात, गांधर्वच्या परीक्षांची तयारी करतात. इंटरनेटवर आवाज क्षणभर मागे राहतो, त्यामुळे गुरू-शिष्यांना एकत्र गाता येत नाही. एकाने गायचे, दुसऱ्याने मागून म्हणायचे. सूर अशाने शिकता येतो, पण धून रंगायला माणसे एका छताखालीच लागतात. ते छत तुमचे मंडळ देते. आठवडाभर नोकरी करून, दूरवरून गाडी हाकत येऊन, सतरंजीवर मांडी घालून झांज हाती घेणारी माणसे देतात. गोदाकाठ न पाहिलेले मूल तिथे पहिल्यांदा सर्वांच्या सुरात सूर मिसळते, तेव्हा पलुसकरांनी घराघरांत नेलेले गाणे आणखी एका घरी पोचलेले असते.