शिळालेखाचा काळ आणि संशोधनाची कसोटी

प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचे मूल्य निष्कर्षावरून ठरवावे, की निष्कर्षाप्रत नेणाऱ्या वाटेवरून? डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) हा ग्रंथ या प्रश्नाच्या अनुरोधाने पुन्हा वाचण्याजोगा आहे. त्यातील एका वादग्रस्त लेखाचे स्थळ, श्रवणबेळगोळ, हे टिपण जेथे लिहितो आहे त्या बंगळूरच्या इंदिरानगरापासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर आहे.

तेथील गोमटेश्वराच्या पायाशी नागरी लिपीत दोन ओळी आहेत. मूर्ती चामुंडरायाने करविली, असे एक सांगते. भोवतालचे आवार गंगराजाने करविले, असे दुसरी. मूर्ती इ.स. ९८३च्या सुमाराची, म्हणून पहिली ओळही तेव्हाचीच, असे मराठी वाङ्मयेतिहासात दीर्घकाळ मानले गेले. तुळपुळे यांनी हे गृहीतच तपासले. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. दोन्ही ओळींच्या अक्षरांची धाटणी एकच. तेव्हा दोन्ही इ.स. १११६-१७च्या सुमारास कोरल्या गेल्या, असा त्यांचा निर्णय आहे. घटनेचा काळ आणि तिची नोंद कोरण्याचा काळ यांतील भेद ओळखणे, हे या विवेचनाचे मर्म होय. भाषाभिमानाला सुखावणारे साल त्यांनी पुराव्यापुढे सोडून दिले, ही त्यांच्या संशोधनाची प्रतिष्ठा आहे.

तथापि या निर्णयालाही मर्यादा आहेत. अक्षरांच्या धाटणीवरून काढलेला काळ संभाव्य असतो. शक अंकित असलेल्या लेखाइतका तो निश्चित मानता येत नाही. शिवाय इतक्या अल्प शब्दांवरून भाषा ठरविणेही सोपे नाही. या ओळी कोकणीच्या मानणारे अभ्यासक आहेतच. अक्षी येथील लेखाला तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, हा काळ दिला. पण तेथेही सारा भार झिजलेल्या अंकांच्या वाचनावर पडतो. पुढे उजेडात आलेल्या हत्तरसंग कुडल येथील शके ९४०च्या लेखाने या चर्चेला नवी सामग्री पुरविली.

असे असूनही ग्रंथाचे मोल उणावत नाही. लेखाचा पाठ आणि त्यामागील विचार वाचकापुढे ठेवल्यामुळे असहमतीलाही तो आधार पुरवितो. खेद वाटतो तो याचा, की ९८३ हे साल अजूनही निःशंकपणे सांगितले जाते. विद्यार्थ्याने या ग्रंथातून केवळ नवे साल उचलले, तर जुनी चूकच नव्या रूपात चालू राहील. त्याने घ्यावयाची आहे ती पुरावा तोलण्याची शिस्त. आणि प्रसंगी ती तुळपुळे यांच्या निर्णयालाही लावून पाहावी.