घुमट, तंबोरा आणि घोडबंदर रोडवरील संगीतसभा

पावसाळा सरला, दिवाळी आटोपली की घोडबंदर रोडवरील वसाहतींतून संगीतसभांची पत्रके फिरू लागतात. पत्रकांचा मजकूर बहुधा ठरलेला असतो. प्रारंभी ईशस्तवन, मग एक शास्त्रीय गायिका, त्यानंतर गझल, गिटारवादन, कोळीगीते, चर्चच्या गायकवृंदाची दोन गीते आणि शेवटी जुनी हिंदी चित्रपटगीते. अडीच तासांत सात प्रकार. पत्रकाच्या तळाशी 'विविधतेतून एकता' किंवा त्याच अर्थाचे एखादे वाक्य असते. अशा पुष्कळ संध्याकाळी आम्ही ऐकल्या आहेत, काहींच्या आयोजनात खुर्च्याही उचलल्या आहेत. तेव्हा या सभांविषयी आम्ही जे लिहीत आहोत ते बाहेरच्या परीक्षकाचे मत नव्हे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

या सभांमागे कोणाचा स्वार्थ नसतो. शिवाय त्यांना एक खरे कार्य आहे. माजिवड्यापासून गायमुखापर्यंतचा हा पट्टा एके काळी गावांचा होता. बाळकूम, कोलशेत, मानपाडा, कासारवडवली, ओवळे ही नावे आता बसथांब्यांवर आणि इमारतींच्या जाहिरातींत दिसतात, पण त्या नावांची माणसे अजून तेथेच राहतात. त्यांच्या शेजारी दादर-गिरगावातून, वसईतून, गोव्यातून, मंगळूर आणि केरळमधून आलेली कुटुंबे उंच इमारतींत राहावयास आली. एकाच उद्वाहनातून वर्षानुवर्षे ये-जा करणारी माणसे एकमेकांची आडनावे जाणत नाहीत. त्यांना एकत्र बसविण्याची शक्ती आज ज्या थोड्या गोष्टींत उरली आहे, तीत संगीत आहे. म्हणूनच या सभा कशा योजल्या जातात याला महत्त्व आहे.

आमचा पहिला आक्षेप वेळेसंबंधी आहे. काही वर्षांपूर्वी याच रस्त्यावरील एका वसाहतीत एका तरुण गायिकेला ख्यालासाठी वीस मिनिटे दिली गेली. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट घेते. म्हणजे वीस मिनिटांत फार तर वीस-पंचवीस वेळा समेवर येणे, आणि त्यातच तंबोरा जुळविणे, द्रुत बंदिश आणि टाळ्या. बाईंनी शांतपणे राग उलगडावयास घेतला आणि पंधराव्या मिनिटाला निवेदकाने मंचाच्या कडेला येऊन घड्याळ दाखविले. त्यांनी हसून द्रुत घेतली व उठल्या. पुढे गिटारवादक आले, तेही तसेच घाईने वाजवून गेले. ध्वनियोजना चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदासाठी लावलेली होती. तिच्यातून तंबोरा असा ऐकूच आला नाही. त्या संध्याकाळी आम्ही सात प्रकार पाहिले, ऐकला एकही नाही.

वैविध्य म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे तर आपल्याच जिल्ह्यातील दोन नावे पुरेशी आहेत. ठाण्यात वास्तव्य केलेले पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांच्या स्मृत्यर्थ ठाणे महानगरपालिका संगीत महोत्सव भरविते. त्यात गायन, वादन, नृत्य असे सारे असते. परंतु खुद्द रामभाऊंच्या गळ्यात किती गोष्टी नांदत होत्या! बालपणी त्यांनी 'गोपाळकृष्ण' (१९३८) या चित्रपटात कृष्णाची भूमिका केली. पुढे मास्तर कृष्णरावांकडे ते शिकले, आग्रा घराण्याची तालीम जगन्नाथबुवा पुरोहितांकडून घेतली आणि 'मंदारमाला'सारख्या नाटकाने त्यांना रंगभूमीवर घराघरांत पोहोचविले. हे सारे एका माणसात एकवटावयास आयुष्य लागले.

मास्तर कृष्णरावांचे गुरू भास्करबुवा बखले (१८६९–१९२२). त्यांची कथा तर अधिकच बोलकी आहे. बुवांनी ग्वाल्हेर परंपरेची तालीम फैज महंमद खाँसाहेबांकडे घेतली, आग्र्याची नत्थन खाँसाहेबांकडे आणि जयपूरची अल्लादिया खाँसाहेबांकडे. एका ब्राह्मण तरुणाने तीन मुसलमान उस्तादांची सेवा केली, त्यांच्या घरांतील रीत सांभाळली, आणि तीन घराण्यांचे गाणे आपल्या एका गायकीत आणले. १९११ साली पुण्यात त्यांनी भारत गायन समाज स्थापिला. त्यांना 'देवगंधर्व' म्हणत, आणि १९२६ मध्ये स्थापन झालेला कल्याण गायन समाज आज त्याच नावाने महोत्सव भरवितो. कल्याणच्या या संस्थेकडे घोडबंदर रोडवरील आयोजकांनी अवश्य पाहावे. तिचे बळ मोठ्या नावांत नाही. शहरातील मुले तेथे गाणे शिकतात, त्यांचे आईबाप सभेला येतात, आणि पुढल्या सभेला पुन्हा तेच लोक दिसतात. मंचावरचा कलावंत दर वेळी निराळा असावा, समोरचा श्रोता मात्र तोच असावा. मग तो श्रोता तुलना करू लागतो, आठवू लागतो, आणि हळूहळू त्याचा कान तयार होतो. आमच्या सभांत नेमके उलट घडते. प्रत्येक प्रकाराचे लोक आपापला कलावंत ऐकून उपाहाराच्या टेबलाकडे जातात.

उपवन तलावाच्या काठी भरणाऱ्या संस्कृती कला महोत्सवाविषयी येथे एक वाक्य लिहिले पाहिजे. तलावातील तरंगत्या मंचावर थोर वादकांना ऐकण्याचे सुख ठाणेकरांना त्याने दिले, हे ऋण मोठे आहे. पण ती जत्रा आहे, आणि जत्रेने जत्राच असावे. वसाहतीच्या सभेने तिचे छोटे रूप होण्याचा यत्न का करावा, हे आम्हांस कळत नाही.

आता आमच्या समाजाच्या वाट्याकडे वळू. साष्टीच्या उत्तर टोकाला घोडबंदर आहे. या बेटावर पोर्तुगीज अंमल १७३७ पर्यंत होता आणि त्या काळापासून येथील ईस्ट इंडियन कॅथलिकांची उपासना लॅटिनमध्ये आणि लग्नाची गाणी मराठीत, असा संसार चालत आला. लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी' आणावयास निघालेल्या बायका गात आणि सोबत घुमट वाजे. घुमट हे मातीचे वाद्य. घडा एका तोंडाशी कातड्याने मढविलेला, दुसरे तोंड उघडे. ते तळव्याने झाकून-उघडून वादक नाद बदलतो. पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. घोरपड संरक्षित ठरल्यापासून बकऱ्याचे कातडे आले, आणि नादात फरक पडला असे जुने वादक म्हणतात. गोव्यात हेच वाद्य हिंदूंच्या आरत्यांना वाजते आणि ख्रिस्ती मांडोलाही. गोवा शासनाने २०१९ मध्ये त्यास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. विविधतेचे याहून चांगले उदाहरण एखाद्या पत्रकाला मिळणार नाही. पण पत्रकाला ते सुचत नाही.

सुचते तेव्हा काय होते तेही सांगावयास हवे. गावातील वृद्ध बायकांना लुगडी नेसवून मंचावर आणतात. प्रमुख पाहुण्यांच्या आगमनाच्या वेळी त्यांनी गावे, तीन मिनिटांत आटपावे, मग छायाचित्र. येऊरच्या पाड्यांतील वारली तारपावादकाचीही हीच गत. भोपळ्याच्या त्या वाद्यात एक श्वास न तोडता तो वाजवितो आणि त्याच्याभोवती नाचणारे फेर धरतात, रात्र रात्र. त्याला स्वागताच्या कमानीपाशी उभे करणे म्हणजे त्याच्या कलेला दारवान करणे होय. उंबराच्या पाण्याचे गाणे चालता चालता गावयाचे आहे. ते मंचावर आणूच नये, असे आमचे मत आहे. त्याऐवजी त्या बाईला खुर्चीवर बसवावे, समोर पन्नास माणसे असावीत, आणि गाणे कोणी शिकविले, कोणत्या ओळी आता गात नाहीत, हे तिने सांगावे. तिच्यामागे ती गाणी जाणणारे कितीजण आहेत हे आमच्या घराघरांत विचारून पाहावे. उत्तर सुखाचे नाही.

जागेचा प्रश्न उरतो. मानपाड्याकडील डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात मोठ्या सभागृहाबरोबर एक लहान सभागृहही आहे, आणि आम्ही ज्या सभेची कल्पना करतो तिला ते लहान सभागृहच शोभेल. काहीजण विचारतात, आपली चर्च का नाही? त्यांना रोमच्या उपासनाविषयक मंडळाने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी काढलेल्या, चर्चमधील संगीतसभांसंबंधीच्या पत्राची आठवण द्यावी लागेल. सर्वोत्तम सिंफनीदेखील केवळ तिच्या सौंदर्यामुळे धार्मिक ठरत नाही, असे ते पत्र सांगते. चर्चमध्ये पवित्र संगीत तेवढेच व्हावे, बिशपांची अनुमती असावी, प्रवेश विनामूल्य व सर्वांस खुला असावा, कलावंतांनी वेदीच्या परिसरात बसू नये, पवित्र साक्रामेंत शक्यतो अन्यत्र ठेवावे. पुष्कळांना हे नियम जाचक वाटतात. आम्हांस त्यांतील एक सूचना वसाहतीच्या सभागृहासाठीही उपयोगी वाटते: सभेला असे निरूपण जोडावे की श्रोत्याला संगीत आतून समजावे. आमच्याकडे निवेदक कलावंताच्या पारितोषिकांची यादी वाचतो. राग कोणता, स्तोत्र कोठले, घुमट कसे घडते, हे तो सांगत नाही, कारण ते त्याला कोणी सांगितलेले नसते.

जुन्या गोव्यातील कापेला दो मोंते या टेकडीवरील चॅपेलात या शतकाच्या आरंभी फुंदासांव ओरियेंतने जी संगीतसभा-मालिका सुरू केली, तिने हा प्रश्न सुरेख सोडविला. पाश्चात्त्य संगीत चॅपेलच्या आत, हिंदुस्थानी संगीत बाहेरच्या अंगणात, मांडवीवर सूर्य मावळत असताना. प्रत्येकाला त्याची जागा आणि त्याचा वेळ. घोडबंदर रोडला तशी टेकडी नाही, हे खरे. येऊरची आहे, तिला आपण एव्हाना पुरेसा त्रास दिला आहे.

आणखी एक नाव घेतल्यावाचून हा विषय सोडवत नाही. गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२), राहुल देव बर्मन आणि प्यारेलाल यांचे व्हायोलिनगुरू. १९७७ च्या त्या प्रसिद्ध चित्रपटगीतामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, पण त्यांचे खरे साहस १९५८ मधील. इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायिले. गोव्याच्या पॅरिश-शाळेत स्वरलेखन शिकणाऱ्या परंपरेतला हा माणूस रागासाठी किती वर्षे कष्टला असेल! तो प्रयोग पुढे टिकला नाही. आमच्या गायकवृंदांनी त्याची आठवण तरी ठेवावी.

येत्या हिवाळ्यासाठी आमची सूचना अगदी लहान आहे. सात कलावंतांची एक संध्याकाळ न करता महिन्याला एक याप्रमाणे सात संध्याकाळी कराव्यात. खर्च फारसा वाढत नाही, कारण सर्वांत मोठा खर्च ध्वनियोजनेचा आणि सजावटीचा असतो, आणि पन्नास-साठ श्रोत्यांसाठी त्यातले बहुतेक लागतच नाही. सतरंज्या पुरतात. एका संध्याकाळी ख्याल, एकदा गिटार, एकदा घुमट आणि लग्नाची गाणी, एकदा एखाद्या केरळी किंवा तमिळ शेजाऱ्याच्या घरचे कर्नाटक संगीत. निवेदकाला आधी कलावंताकडे पाठवावे. आणि कार्यक्रमपत्रिकेत पहिली दहा मिनिटे रिकामी सोडावीत. तंबोरा जुळवावयास तेवढा वेळ लागतो, आणि घुमटाचे कातडे सैल पडले असेल तर ते शेकून घ्यावे लागते. ते श्रोत्यांसमोरच करावे. मुलांना ते पाहावयास फार आवडते.