‘चाललं’ म्हणजे नेमकं काय?

पिकोसारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड लॅपटॉपला जोडला, एलईडी लुकलुकला, की आपण म्हणतो, ‘चाललं!’ नाही लुकलुकला, तर ‘बोर्ड उडाला.’ हौशी इलेक्ट्रॉनिक्समधले हे दोन निकाल. दिले जातात पटकन, तपासले जातात क्वचितच.

आडवाटेच्या संगणकावर असा बोर्ड तपासावा का, हा वाद म्हणूनच वाचण्यासारखा आहे. उदाहरण घेऊ रिस्क ओएसचं. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने 1980च्या दशकात बनवलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम आज रास्पबेरी पायवरही चालते. तिचे चाहते म्हणतात, इथे मधले थर कमी आहेत. प्रोग्रॅम स्वतःहून सोडत नाही तोवर प्रोसेसर त्याच्याच ताब्यात राहतो, त्यामुळे पिनवरच्या सिग्नलचं टायमिंग आपल्या हातात येतं. लिनक्स मात्र मध्येच प्रोसेसर काढून दुसऱ्या कामाला लावतं.

विरोधकांचा मुद्दाही खरा आहे. बिघडलं तर दोष कुणाचा? बोर्डचा, केबलचा, ड्रायव्हरचा की आपल्या प्रोग्रॅमचा? रिस्क ओएसमध्ये टिंबाने फोल्डर वेगळे होतात, म्हणून ‘ब्लिंक.यूएफ२’ ही फाइल तिथे ‘ब्लिंक/यूएफ२’ अशी दिसते. नवखा माणूस इथेच अडखळतो आणि खापर बोर्डवर फोडतो.

दोन्ही बाजू मशीनवर भांडतात. प्रश्न काय विचारला होता, यावर कुणी भांडत नाही. माझा आक्षेप तिथे आहे.

याच एकॉर्नच्या इतिहासातली गोष्ट बघा. सोफी विल्सन यांनी एआरएम प्रोसेसरचा सूचनासंच आधी बीबीसी मायक्रो या शाळकरी संगणकावर, बेसिक भाषेत चालवून पाहिला होता. 26 एप्रिल 1985 रोजी खरी चिप हाती आली आणि चालली. पुढे स्टीव्ह फर्बर यांनी ती किती वीज खाते हे मोजायला मीटर लावला, तर आकडा शून्य! बोर्डवर सप्लायची जोडणीच झालेली नव्हती. इतर तारांमधून झिरपणाऱ्या विजेवर चिप चालत होती. ‘चाललं’ हे खरंच होतं, पण कशामुळे चाललं याचं उत्तर चुकीचं होतं. आज मोबाइलपासून पिकोपर्यंत ज्या घराण्याच्या चिप आहेत, त्या घराण्याची ही पहिली चिप.

हा बीबीसी मायक्रो आपल्याकडेही आला होता. 1984 साली ‘क्लास’ या सरकारी योजनेत देशातल्या सुमारे 250 शाळांना हे संगणक मिळाले. म्हणजे आज आडवाटेचा वाटणारा संगणक एकेकाळी इथल्या मुलांचा पहिला संगणक होता. कोणतं मशीन ‘नेहमीचं’ आणि कोणतं ‘विचित्र’, हे काळ ठरवतो. त्यावरून चाचणी खरी की खोटी, हे ठरत नाही.

कामोठ्यात हा वाद पुस्तकी राहत नाही. इथे इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, सेमिस्टरच्या शेवटी प्रोजेक्ट असतात आणि सुटे भाग आणायचे तर हार्बर लाइनने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोड धुंडाळावा लागतो. दिवस जातो, काही शे रुपये जातात. फक्त चार्जिंगपुरती असलेली यूएसबी केबल वापरल्यामुळे चांगला बोर्ड ‘उडालेला’ ठरतो आणि कचऱ्यात जातो. उलट, सेन्सरच्या तारेतून चोरवीज मिळत असल्याने सप्लाय तुटलेला बोर्ड ‘ओके’ ठरतो आणि नेमका परीक्षकासमोर मान टाकतो.

म्हणून माझं मत असं: आडवाटेचा संगणक शिकायला उत्तम, कारण तो काहीच झाकत नाही. पण निकाल द्यायला तो एकटा पुरत नाही. तोच बोर्ड, तीच केबल, तोच प्रोग्रॅम एखाद्या साध्या लॅपटॉपवर लावून बघायलाच हवा. दोन्हीकडे फरक पडला, तर शोध तिथून सुरू होतो. दोन्हीकडे सारखंच झालं, तर बोर्डबद्दल निदान काहीतरी बोलता येतं.

आणि जोडण्याआधी वहीत एक ओळ लिहावी: हा बोर्ड खराब असेल, तर मला काय दिसेल? ती ओळ लिहिता येत नसेल, तर आपण चाचणी करत नाही, फक्त दिवा बघत बसलो आहोत. दिवा लागलाच, तर एकदा सप्लायची तार काढून बघा. तरीही तो लुकलुकत राहिला, तर मल्टिमीटर उचला.