हरकत गेली, भीती राहिली

यवतमाळात उभं राहून नयनतारा सहगल यांच्या कादंबरीवर बोलायचं, तर आधी २०१९चं बोलावंच लागतं. त्या जानेवारीत इथे ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला सहगल येणार होत्या. इंग्रजीत लिहिणारी बाई कशाला, असा विरोध झाला आणि आयोजकांनी कायदा-सुव्यवस्थेचं कारण देऊन निमंत्रण मागे घेतलं. गंमत पुढे आहे. ज्या मनसेच्या स्थानिक मंडळींनी विरोध केला होता, तिचे अध्यक्ष राज ठाकरे यांनीच नंतर जाहीर केलं की, सहगल यांच्या येण्याला आपली हरकत नाही. म्हणजे हरकत गेली. निमंत्रण मात्र गेलं ते गेलंच.

आता 'रिच लाइक अस' वाचा. १९८५ची कादंबरी, साहित्य अकादमी मिळालेली. तो पुरस्कार त्यांनी २०१५मध्ये परत केला. विषय आणीबाणीचा. इंदिरा गांधी लेखिकेच्या मामेबहीण, तरी कादंबरीत त्या पडद्यामागेच राहतात. समोर दिसते ती सोनाली, सनदी अधिकारी. परदेशी सहकार्याच्या शीतपेय कारखान्याला ती परवानगी नाकारते. अगदी नियमाला धरून. आणि तिची उचलबांगडी होते, जागेवर येतो तिचाच जुना मित्र, एकेकाळचा डावा रवी कचरू. बूट नाहीत, बंदूक नाही. एक फाइल इकडून तिकडे गेली, झालं.

मला ही कादंबरी मोठी वाटते ती इथे. हुकूमशहाचं चित्र काढणं सोपं असतं हो. मिशा काढल्या की झालं. पण हुकूम यायच्या आधीच जे वाकून उभे असतात, त्यांचं काय? सहगल त्यांना राक्षस करत नाहीत. ते चांगले शिकलेले, जेवणाच्या टेबलावर छान बोलणारे लोक आहेत. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावतात, असं आपल्या घरांतही म्हटलं जायचं, आठवतं ना?

पण एक तक्रार आहे. सोनालीला मान ताठ ठेवणं परवडतं. तिच्या पाठीशी घर आहे, परदेशातलं शिक्षण आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या मास्तरला झरी जामणीची बदली दाखवली की त्याच्यापुढे मुलांची शाळा, म्हातारी आई आणि घराचा हप्ता उभा राहतो. एकाधिकारशाहीची मुळं त्या हप्त्यात आहेत, आणि कादंबरी तिथवर खाली उतरत नाही. उतरू पाहते, नाही असं नाही. हात तोडलेला एक भिकारी तिच्यात आहे, मूळचा बटाईने शेती करणारा. हक्काचं मागितलं म्हणून त्याची ही गत झाली. आणीबाणीच्या आधीपासून गावात चालत आलेली हुकूमशाही ती हीच, हे लेखिकेला पक्कं ठाऊक आहे. पण त्याला ती नाव देत नाही. कापसाच्या या जिल्ह्यातल्या वाचकाला ते खटकणारच. २०१९च्या संमेलनाचं उद्घाटन शेवटी आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने, वैशाली येडे यांनी केलं. कादंबरीत जो बिननावाचा राहिला, त्याच्या बाजूचं माणूस इथे व्यासपीठावर आलं; ज्यांनी त्याच्याबद्दल लिहिलं, त्या मात्र नव्हत्या.

१९७५ आणि २०१९ एकच, असं मी म्हणत नाही. ते खोटं होईल. डिसेंबर १९७५मध्ये, ऐन आणीबाणीत, कराडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री, व्यासपीठावर बसलेले. बाई त्यांच्या देखत आणीबाणीविरुद्ध बोलल्या. पुढे तुरुंगातही गेल्या. पण त्यांचा माइक कुणी काढून घेतला नव्हता. यवतमाळात आणीबाणी नव्हती, वटहुकूम नव्हता, सेन्सॉरही नव्हता. सहगल यांचं न झालेलं भाषण नंतर ठिकठिकाणी वाचलं गेलं. वाचलं नसेल, तर आज घरी जाऊन वाचा, आणि त्यात कायदा-सुव्यवस्था बिघडेल असं वाक्य कुठलं, ते प्रश्नोत्तरांत नको, पुढच्या महिन्यात येऊन मला सांगा.