कमावत्या पोरांची कादंबरी

पैठणच्या घाटावर दहाव्याचे विधी चालू असतात आणि तिथंच पाण्यात उतरून एक पोरगा राख चाळत असतो. चाळणीत नाणं खणखणलं की त्याचा दिवस लागी लागला. बाबा भांड यांच्या ‘दशक्रिया’तला हा भानुदास. काठावरचे लोक रडत असतात आणि पोराचं लक्ष पैशाकडे असतं. पण लेखक त्याला ना दोष देत, ना त्याची कीव करत. मराठी कादंबरीत शाळकरी मुलं पुष्कळ भेटतात. हातात स्वतःच्या कमाईचे चार पैसे असलेलं, त्या पैशांनी शहाणंही झालेलं आणि बिघडलेलंही, असं मूल मात्र विरळा.

भांड यांचा जन्म १९४९ सालचा, पैठण तालुक्यातल्या वडजीचा. १९७५मध्ये त्यांनी औरंगाबादेत साकेत प्रकाशन सुरू केलं. मुलांसाठी ‘धर्मा’ लिहिली, मोठ्यांसाठी ‘काजोळ’, ‘जरंगा’, ‘तंट्या’. साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. ‘दशक्रिया’वर संदीप पाटील यांनी काढलेल्या चित्रपटाला २०१७ साली सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण ही कादंबरी आपण कुठल्या फळीवर ठेवली? मोठ्यांच्या. घाट, जात, दक्षिणा, मरण हे सगळं तिच्यात आहे, म्हणून ती किशोरांची नव्हे असं कुणी न सांगताच ठरून गेलं. माझा वाद इथूनच सुरू होतो. पैठणची गोदावरी खाली वाहत येते आणि बीड जिल्ह्याची उत्तर सीमा होते. त्या सीमेच्या अलीकडे भानुदासाच्या वयाचे असंख्य वाचक आहेत, आणि त्यांच्यासाठी मराठीत किशोर कादंबरी जवळजवळ लिहिलीच गेलेली नाही.

परंपरा नाही असं नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ची. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे १९७०च्या दशकात सायकलवर बसून आला, फुरसुंगीचा पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकायला लागला आणि पुढे जिथं संकट तिथं हजर झाला. त्याच्या वेगाचं मला आजही कौतुक वाटतं. मुलाला विश्वासात घेऊन, उपदेशाचा डोस न पाजता गोष्ट सांगणारा भागवतांसारखा लेखक नंतर झाला नाही. मात्र फास्टर फेणेला सुट्टी असते. बीडच्या बालाघाटातल्या पोराला सुट्टी म्हणजे कामाचे दिवस.

‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंत प्रकाश नारायण संतांनी लंपन उभा केला, मराठी बालमनाचं त्याच्याहून सुंदर चित्र मला ठाऊक नाही. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ २००४ची, आणीबाणीतल्या नववीच्या वर्गाची. ही पुस्तकं मोठ्या माणसानं मागं वळून पाहिलेलं मूल दाखवतात. त्यांची गोडी आठवणीची आहे. ज्याला अजून मागं वळून पाहायला काही नाही, पुढचं वर्ष शाळेत जाईल की उसाच्या फडात याचीच खात्री नाही, त्याला ती गोडी कशी लागावी? आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) या वाचकाच्या सर्वांत जवळ येते, कारण तिथं शाळा ही बापाशी भांडून मिळवायची वस्तू आहे. पण ती आत्मकथनात्मक, भरघोस, प्रौढांसाठी लिहिलेली कादंबरी. आठवीतलं मूल ती हाती धरतं ते बहुधा पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यापुरतं.

आता बीडकडे पाहा. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटा माणूस अर्धा कोयता. घरातली थोरली पोर कोपीवर धाकट्याला सांभाळते, भाकरी थापते, पुढं मोळ्या बांधायला लागते. काही मुलं गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. जोडी असली की कोयता पूर्ण होतो आणि उचल वाढून मिळते, हा हिशेब त्यातल्या कित्येक लग्नांमागे आहे. चौदा वर्षांच्या मुलीला हा हिशेब तोंडपाठ असतो. आपली किशोर कादंबरी तो तिच्यापासून लपवते. कुणासाठी?

मुलींच्या बाबतीत तर दुष्काळच. ताम्हनकरांनी गोट्याबरोबर चिंगी दिली, अलीकडे संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला अकादेमीचा पुरस्कार मिळाला, त्याचं मोल आहेच. पण लग्नाला नकार देणारी, किंवा नकार देता न येऊन गाडीत बसणारी नायिका, तिच्याच वयाच्या वाचकासाठी लिहिलेली? मी शोधतो आहे.

अमेरिकेत १९६७ साली एस. ई. हिंटनची ‘द आउटसायडर्स’ आली. पंधराव्या वर्षी तिनं ती लिहायला घेतली होती. टोळीतल्या गरीब पोरांची गोष्ट, त्यांच्याच वयाच्या मुलीनं लिहिलेली, आणि तिथून किशोर कादंबरीला वेगळी फळी मिळाली. आपल्याकडे त्याआधी चार वर्षं पंचवीस वर्षांच्या नेमाड्यांची ‘कोसला’ आली होती. तरुण पोरांनी ती उचलून धरली, पण तिच्यातून कॉलेजची कादंबरी जन्मली. दहावीच्या आतलं वय पुन्हा ‘बालसाहित्य’ नावाच्या डब्यात गेलं, जिथं ससे, पऱ्या आणि दहशत बसवणारी बोधवाक्यं एकाच झाकणाखाली राहतात.

बीडमध्ये लिहिणारे नाहीत असं मुळीच नाही. अंबाजोगाईच्या बालाजी सुतारांनी ‘दोन शतकांच्या सांध्यावरच्या नोंदी’त गावातल्या रिकाम्या, चिडलेल्या, हुशार तरुणांना जी भाषा दिली, तिच्यात ‘मॉप’, ‘लई’, ‘कामून’ म्हणणाऱ्या मुलखाचा श्वास आहे. ती भाषा पंधरा वर्षांच्या नायकाच्या तोंडी देऊन पाहायला हवी. बोलीमुळे पुस्तक मुलांना अवघड जातं, ही तक्रार करणाऱ्यांनी आधी मुलं कोणत्या भाषेत भांडतात ते ऐकावं. आणि कादंबरीत कष्ट आले म्हणजे ती रडकी असायला हवी, असंही नाही. वाढ्यांच्या गाडीवर झोपून चांदण्या मोजणं, कारखान्याच्या भोंग्यावर वेळ ओळखणं, मुकादमाच्या फोनवर चोरून सिनेमा पाहणं, वसतिगृहात रात्री सगळ्यांनी मिळून एकाला चिडवणं, हेही तिथलंच आयुष्य. भानुदास आपल्याला आवडतो तो त्याच्या दुःखासाठी नव्हे. त्याची नजर तीक्ष्ण आहे, तो मोठ्यांचे डाव ओळखतो, म्हणून.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं आणि खेड्यातल्या शाळेपर्यंत पोचतं. त्यात अशी कादंबरी क्रमशः छापावी, नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे ज्या महिन्यांत आईबाप फडात असतात त्याच महिन्यांत. हंगामी वसतिगृहाला अंकाच्या दहा-दहा प्रती जाव्यात. लिहायला कुणाला सांगायचं? त्या वसतिगृहांत राहून शिकलेले कित्येक जण आज जिल्हा परिषदेच्या शाळांत फळ्यासमोर उभे आहेत. उचल म्हणजे काय ते त्यांना कुणी समजावून सांगायला नको.