द्रव्याचे वर्गीकरण : हळद, सोने आणि पाठ्यपुस्तकातील व्याख्या

रसायनशास्त्राच्या अध्यापनाचा प्रारंभ बहुधा द्रव्याच्या वर्गीकरणाने होतो. मूलद्रव्य, संयुग व मिश्रण हे वर्ग आणि भौतिक व रासायनिक हे गुणधर्मांचे दोन प्रकार विद्यार्थी पाठ करतो. परंतु कोणतेही वर्गीकरण नावांवर नव्हे, तर कसोटीवर उभे असते. ती कसोटीच या प्रकरणात दुर्लक्षित राहते.

‘भौतिक बदल परिवर्तनीय, रासायनिक बदल अपरिवर्तनीय’ हे वर्गात सर्रास सांगितले जाणारे विधान याचे ठळक उदाहरण होय. फोडलेले लाकूड पुन्हा सांधत नाही, तरी ते लाकूडच राहते. उलट मोरचूद तापविल्यास त्यातील पाणी निघून जाऊन ते पांढरे पडते आणि पाण्याचे थेंब पडताच पुन्हा निळे होते. चुन्याच्या निवळीने लाल झालेली हळद लिंबाच्या रसाने पुन्हा पिवळी होते. हे दोन्ही बदल रासायनिक असूनही परतणारे आहेत. ज्या समाजात हळद व चुना यांपासून घरोघरी कुंकू केले जात असे, तेथील विद्यार्थ्याने हे विधान निमूटपणे उतरवून घ्यावे, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. नव्या गुणधर्मांचा नवा पदार्थ निर्माण झाला काय, हाच खरा प्रश्न आहे. आणि मीठ पाण्यात विरघळताना त्याचे आयन सुटे होतात तेव्हा याही प्रश्नाचे उत्तर सरळ राहत नाही.

कसोटीचा आग्रह कसा धरावा, याचा एक नमुना अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या सतराव्या शतकातील ग्रंथावरील त्याच्याच ‘दीपिका’ टीकेत सापडतो. न्याय-वैशेषिक मतानुसार द्रव्ये नऊ. त्यांत सोन्याचा समावेश तेजात केला आहे. पूर्वपक्ष असा की, सोने हळदीप्रमाणे पिवळे व जड आहे, म्हणून ते पार्थिव मानावे. अन्नंभट्ट केवळ रंग व वजन यांवर विसंबत नाही. तीव्र अग्नीने तुपाचा द्रवपणा नष्ट होतो. तेच तूप पाण्यात असेल तर होत नाही, कारण पाणी प्रतिबंधक ठरते. सोन्याचा द्रवपणा मात्र तीव्र अग्नीतही टिकतो. तेव्हा त्यातील पिवळ्या पार्थिव भागाला राखणारे दुसरे द्रव द्रव्य मानावे लागते. त्याचा द्रवपणा अग्नीमुळे येणारा आहे, म्हणून ते जल नव्हे. त्याला रूप आहे, म्हणून ते वायूही नव्हे. उरते ते तेज. निष्कर्ष चुकीचा आहे, हे आज सांगण्याची गरज नाही. सोने हे मूलद्रव्य असून १०६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होत नाही, म्हणून ते जळत नाही. तथापि एक गुणधर्म निवडणे, त्याची परिस्थिती ठरविणे आणि प्रतिबंधक असता व नसता काय घडते याची तुलना करणे, ही रीत लक्षणीय आहे.

या रीतीकडे दुर्लक्ष करून कणादाला डाल्टनचा पूर्वसूरी ठरविणारे लेखन अभ्यासाला उपकारक नाही. वैशेषिकांचे परमाणू पृथ्वी, जल, तेज व वायू असे चार प्रकारचे असून त्यांचा भेद गंध, रस, रूप, स्पर्श अशा गुणांवर आधारलेला आहे. डाल्टनने १८०८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात अणूंचा भेद वजनाने ठरतो. दोहोंत ‘अणू’ आला म्हणून विचार एक होत नाही.

दुसऱ्या बाजूने, तेजाला द्रव्य मानणाऱ्यांना हसण्याचेही कारण नाही. लाव्हाझिए याने १७८९ मध्ये दिलेल्या ३३ मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश व उष्णता यांनाही स्थान होते. चुनाही त्याच यादीत होता. मात्र पृथक्करणाने ज्याचे आणखी विभाजन करता येत नाही ते मूलद्रव्य, अशी व्याख्या त्यानेच केली असल्याने यादी दुरुस्त होण्याचा मार्ग तिच्यातच होता. १८०८ मध्ये डेव्हीने विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम वेगळे केले आणि चुना संयुगांत गेला.